यंत्राला हात कोणी लावायचा?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ‘वर्कशॉपमध्ये काय केलेस?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले येते. फिटिंगचा एक जॉब केला, पट्टीला खाच पाडली, सुतारकामात एक सांधा केला, आणि लेथ पाहिला. हा ‘पाहिला’ शब्द मला बरीच वर्षे खुपतो आहे. ज्याला पुढे यांत्रिकी अभियंता म्हणून सही करायची आहे, त्याने लेथ चालवलेला नाही, तर इन्स्ट्रक्टरने चालवताना सात-आठ जणांच्या खांद्यांवरून तो पाहिला आहे. उलट, ज्या विद्यार्थ्याने लेथ खरोखर चालवला, त्यातला एखादा रात्री उशिरा, स्पर्धेची गाडी पूर्ण करायची म्हणून, कोणाच्याही देखरेखीविना तो चालवत असतो. एकीकडे यंत्राला हात लावायची बंदी आणि दुसरीकडे पूर्ण मोकळीक, आणि अनेकदा दोन्ही एकाच इमारतीत!

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यात मी आधी कारखान्यात आणि नंतर कॉलेजच्या कार्यशाळेत काम केले. प्रात्यक्षिक परीक्षांना बाह्य परीक्षक म्हणून इतरही कार्यशाळा पाहता आल्या. यंत्राशी कोणी जायचे, केव्हा जायचे आणि हे ठरवायचे कोणी, हा प्रश्न वरवर शिस्तीचा वाटतो. प्रत्यक्षात तो शिक्षणाचा, कायद्याचा आणि वायरिंगचाही आहे. या लेखात तो या तिन्ही बाजूंनी पाहायचा आहे.

यंत्रांच्या गावात

हा पट्टा यंत्रांना परका नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी रेल्वे मुंबईहून ठाण्याला आली, आणि १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोचली. त्याच १८५४ साली पुण्यात ‘पूना इंजिनीअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झाले, जे पुढे आपल्याला सीओईपी म्हणून परिचित झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात झाली ती ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्येच. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत त्यानंतरची. माझ्या पिढीतल्या कित्येकांचे वडील सकाळी डबा घेऊन या गेटांतून आत जात.

त्या काळी यंत्राला हात कोणी लावायचा याचे उत्तर सोपे होते. उमेदवार पोऱ्या आधी झाडू मारी, मग तेल घाली, मग कानस धरी. उस्ताद म्हणेल तेव्हा यंत्राशी उभे राहायचे. ही पद्धत संथ होती, कधी कधी अपमानकारकही होती. पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. परवानगी देणारा माणूस परवानगी घेणाऱ्याचा हात रोज पाहत असे.

१९८३ नंतर महाराष्ट्रात खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली आणि विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर या बाजूंनाही कॉलेजे उभी राहिली. वर्कशॉप अभ्यासक्रमात राहिले, पण उस्तादाचा तो रोजचा डोळा राहिला नाही. आठवड्यातून एकदा येणारी वीसेक मुलांची बॅच, चालू असलेले दोन-तीन लेथ, एक इन्स्ट्रक्टर आणि एक हेल्पर. इन्स्ट्रक्टर अनेकदा कंत्राटी, म्हणजे पुढच्या वर्षी असेल की नाही हे त्यालाच ठाऊक नसते. अशा ठिकाणी ‘हात लावू नका’ हा सर्वांत सोयीचा नियम ठरतो.

पाव सेकंदाचा हिशेब

ही भीती निराधार नाही. लेथपुढे सैल कपडे का चालत नाहीत, हे ‘सुरक्षा’ हा शब्द फळ्यावर लिहून कळत नाही. हिशेब करून दाखवला की कळते.

समजा चकचा व्यास २०० मिलिमीटर आहे. म्हणजे परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर. स्पिंडल मिनिटाला ५०० फेरे घेतो आहे. लेथच्या मानाने हा फार वेग नव्हे. तरी सेकंदाला आठाहून जास्त फेरे झाले. एखादी गोष्ट दिसल्यावर माणसाची प्रतिक्रिया सुरू व्हायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात चकचे दोन फेरे झालेले असतात, आणि ओढणीचे टोक चकच्या जबड्यात अडकले असेल तर सव्वा मीटर कापड गुंडाळले गेलेले असते. हात बटणापर्यंत पोचायला पूर्ण सेकंद लागला, तर पाच मीटर. इतकी लांब ओढणी नसते, त्यामुळे मध्येच माणूस ओढला जातो. बटण दाबल्यावरही चक लगेच थांबत नाही. ब्रेक नसेल तर तो आपल्या वजनाच्या जोरावर आणखी फिरत राहतो.

या हिशेबातून तीन नियम निघतात. पहिला, फिरत्या यंत्रावर हातमोजे घालायचे नाहीत. वेल्डिंगला हातमोजे हवेत, लेथ आणि ड्रिलवर नकोत, कारण मोजा पकडला गेला की बोटे त्याच्याबरोबर जातात. पालक सुरक्षेसाठी हातमोजे घेऊन देतात आणि इन्स्ट्रक्टरला ते काढून ठेवायला सांगावे लागतात! दुसरा, चकची चावी चकमध्ये सोडून हात काढायचा नाही. यंत्र सुरू झाले की ती चावी गोळीसारखी उडते. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा : यंत्रावर एकट्याने काम करायचे नाही. अडकलेला माणूस स्वतःचे बटण दाबू शकत नाही, ते दुसऱ्यालाच दाबावे लागते.

या तिसऱ्या नियमाची किंमत अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने २०११ साली मोजली. एप्रिल महिन्यात, रात्री उशिरा, रसायनशास्त्राच्या इमारतीतील कार्यशाळेत २२ वर्षांची एक विद्यार्थिनी लेथवर एकटी काम करत होती. तिचे केस यंत्रात अडकले आणि तिचा मृत्यू झाला. ती नवशिकी नव्हती, भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. त्यानंतर विद्यापीठाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी यंत्रांच्या वेळा मर्यादित केल्या आणि त्या वेळात देखरेख करणारी व्यक्ती हजर असलीच पाहिजे असे ठरवले. जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठांपैकी एकात हे घडले. तेव्हा पैसा असला की सुरक्षा आपोआप येते, या समजुतीत अर्थ नाही.

कायदा कामगाराला ओळखतो

त्या प्रकरणात आणखी एक बाब पुढे आली, जी आपल्याकडेही तंतोतंत लागू पडते. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षा यंत्रणेने त्या कार्यशाळेतल्या त्रुटी पत्राने कळवल्या. पण मृत मुलगी विद्यापीठाची कर्मचारी नव्हती, विद्यार्थिनी होती. त्यामुळे दंडाची कारवाई त्या यंत्रणेच्या कक्षेत येत नव्हती.

आपल्याकडचा १९४८ चा कारखाने अधिनियम पाहा. यंत्राच्या धोक्याच्या भागांना आडोसा हवा, असे त्याचे कलम २१ सांगते. कलम २२ चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याच्या अंगासरशा कपड्यांबद्दल बोलते. कलम २३ तर आपल्या विषयाचा गाभाच आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीला धोकादायक यंत्रावर काम करू द्यायचे असेल, तर तिला धोक्यांची आणि काळजीची पूर्ण माहिती दिलेली असली पाहिजे, आणि तिचे पुरेसे प्रशिक्षण झालेले असले पाहिजे किंवा जाणकाराची पुरेशी देखरेख तरी असली पाहिजे. कलम २४ वीज तोडण्याच्या साधनांबद्दल आहे. संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता संमत केली, तिच्यात हा जुना कायदा विलीन करण्यात आला आहे. पण दृष्टी तीच आहे. कायदा कारखान्याकडे आणि कामगाराकडे पाहतो.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने एक चांगली गोष्ट केली. त्याच्या कलम १४ नुसार कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवाराला सुरक्षेच्या बाबतीत कामगाराप्रमाणेच संरक्षण मिळते. कलम १६ नुसार प्रशिक्षणाच्या ओघात इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

आता दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्या मुलीचा विचार करा. ती पंधरा-सोळा वर्षांची आहे. हीच मुलगी शिकाऊ उमेदवार म्हणून वागळे इस्टेटच्या एखाद्या कारखान्यात असती, तर वरची कलमे तिच्या बाजूने उभी राहिली असती. पॉलिटेक्निकच्या कार्यशाळेत त्याच जातीच्या लेथपुढे ती उभी असते, तेव्हा ती ‘कामगार’ नसते आणि ती जागा सहसा ‘कारखाना’ नसते. फॅक्टरी इन्स्पेक्टर तिथे येत नाही. ब्रिटनमध्ये शैक्षणिक कार्यशाळांसाठी बीएस ४१६३ ही स्वतंत्र मानक संहिता आहे. आपल्याकडे यंत्रे कोणती असावीत, किती चौरस मीटर जागा असावी, हे मान्यतेच्या वेळी बारकाईने पाहिले जाते. त्या यंत्राचा आपत्कालीन थांबा चालतो का, हे रोज कोणी पाहायचे, ते बहुतेक वेळा कॉलेजच्या मर्जीवर राहते.

डोंबिवलीकरांना २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या तारखा वेगळ्या सांगाव्या लागत नाहीत. औद्योगिक वसाहतीतल्या त्या दोन स्फोटांनंतर चौकश्या झाल्या, सुरक्षेची चर्चा झाली, कारखाने हलवण्याचे बोलणे झाले. कॉलेजच्या कार्यशाळेत ग्राइंडरवर गेलेल्या नखाची चर्चा त्या कार्यशाळेबाहेर जात नाही. म्हणून तिथली सुधारणा बाहेरून लादली जाईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती आतूनच व्हावी लागेल.

कुलूप, बिल्ला आणि वही

आपल्या कार्यशाळांत प्रवेशावर नियंत्रण ठेवण्याच्या तीन जुन्या पद्धती आहेत.

पहिली कुलपाची. मुख्य स्विच बोर्डाला कुलूप, चावी सुपरिटेंडेंटच्या ड्रॉवरमध्ये. याने अनधिकृत वापर थांबतो, पण सगळा किंवा काहीच नाही, अशा पद्धतीने. एका मुलाला ड्रिल मशीन द्यायचे, तर सगळ्या कार्यशाळेला वीज द्यावी लागते. शिवाय चावीची दुसरी प्रत लवकरच हेल्परच्या खिशात येते, आणि तिसरी प्रोजेक्टच्या मुलांकडे.

दुसरी बिल्ल्याची. टूल रूमच्या खिडकीवर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा, त्याच्या बदल्यात मायक्रोमीटर किंवा ड्रिल बिट घ्यायचे, परत केले की बिल्ला परत. रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या कार्यशाळांत वाढलेल्या माणसांना ही पद्धत पाठ आहे. मला ती अजूनही फार हुशारीची वाटते. चकची चावी जर बिल्ल्यावरच मिळत असेल, तर ती चकमध्ये विसरली जात नाही, आणि जिच्याकडे चावी नाही ती व्यक्ती जॉब पकडूच शकत नाही. म्हणजे यंत्राला कुलूप न लावता यंत्रावर नियंत्रण आले. पण त्यासाठी खिडकीत माणूस बसलेला हवा. टूल रूमची जागा रिकामी झाली की पद्धत मोडते.

तिसरी वहीची. नाव, वर्ग, यंत्र, वेळ, सही. वहीचा दोष असा की ती झाल्यानंतर सांगते. आणि बऱ्याच ठिकाणी ती महिन्याच्या शेवटी एकाच शाईने भरली जाते, हे कोणत्याही परीक्षकाला पान उलटताच दिसते.

या तिन्हींत एक समान उणीव आहे. विद्यार्थ्याला हे यंत्र चालवता येते की नाही, हे यातले काहीच विचारत नाही. तो या कॉलेजचा आहे, एवढेच ते तपासते.

कार्ड आणि कॉन्टॅक्टर

अलीकडे चौथी पद्धत आली आहे, आरएफआयडी कार्डाची. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये आयडिया लॅबची योजना आणली. थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, सीएनसी राउटर अशी यंत्रे एका जागी असावीत आणि विद्यार्थ्यांना ती तासिकांच्या चौकटीबाहेरही वापरता यावीत, ही त्यामागची कल्पना. वेळेबाहेर म्हटले की नियंत्रणाचा प्रश्न आलाच. कार्ड दाखवले, नाव यादीत असेल तरच यंत्र सुरू होईल, ही रचना आता इलेक्ट्रॉनिक्सची मुले स्वतःच एका प्रोजेक्टमध्ये बनवू शकतात. वाचक, छोटा मायक्रोकंट्रोलर, रिले आणि कॉन्टॅक्टर, एवढेच लागते.

पण हे कुठे जोडायचे यात खरी गोम आहे. म्हणून थोडे वायरिंग समजून घेऊ.

यंत्राच्या स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे विजेच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. हिरवे बटण दाबले की चुंबकाच्या कॉइलला वीज मिळते आणि मोटर सुरू होते. नंतर कॉन्टॅक्टर स्वतःच्याच एका संपर्काने ती वाट धरून ठेवतो, म्हणून बटण सोडले तरी मोटर चालू राहते. लाल बटण आणि आपत्कालीन थांब्याचे भोपळ्यासारखे मोठे बटण ही वाट तोडतात. वीज गेली तर कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. भारनियमनाच्या काळात या एका गुणाने आपल्या भागात किती बोटे वाचवली असतील!

जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या लेथवर मात्र अनेकदा हा स्टार्टर नसतो. तिथे नुसता फॉरवर्ड-रिव्हर्स ड्रम स्विच असतो. वीज गेली, मुलगा जॉब मोजायला वाकला, वीज आली, की चक फिरू लागतो. तेव्हा कार्डाच्या गप्पा मारण्याआधी अशा प्रत्येक यंत्राच्या आधी कॉन्टॅक्टर बसवणे हे पहिले काम आहे.

आता कार्डाचा संपर्क कुठे घालायचा? माझे उत्तर : फक्त हिरव्या बटणाच्या वाटेवर. कार्ड असेल तर सुरू करता येईल. पण सुरू झालेले यंत्र कार्डाची मुदत संपली म्हणून अध्येमध्ये बंद पडता कामा नये. आटे पाडताना मध्येच यंत्र थांबले तर टूल मोडते. पृष्ठभाग घासणाऱ्या सरफेस ग्राइंडरवर तर प्रकरण गंभीर होते. तिथे जॉब विद्युतचुंबकाने धरलेला असतो. सगळ्या यंत्राची वीज तोडली की चुंबक सुटतो, चाक मात्र अजून फिरत असते, आणि जॉब उडतो. म्हणजे सुरक्षेसाठी बसवलेले उपकरणच अपघात घडवते. लेझर कटरचे तसेच. कार्ड काढले तरी धूर खेचणारा पंखा चालूच राहिला पाहिजे.

लाल बटणाच्या वाटेवर कार्ड, पासवर्ड, परवानगी यांपैकी काहीही येता कामा नये. सुरू करण्याचा अधिकार मोजक्यांना, बंद करण्याचा अधिकार खोलीत असलेल्या प्रत्येकाला, अगदी झाडू मारायला आलेल्या मावशींनाही. कार्यशाळेतल्या प्रत्येक व्यक्तीला हे पहिल्या दिवशी सांगावे, आणि बटण उगाच दाबले गेले तरी कोणावर ओरडू नये.

कार्डाच्या मर्यादाही ओळखून असाव्यात. मित्राचे कार्ड वापरता येते. ज्या लेथवर मोटर सतत चालू असते आणि स्पिंडल क्लचच्या दांड्याने जोडला जातो, तिथे कार्डाला फक्त मोटर कळते, स्पिंडलशी कोण आहे ते कळत नाही. आणि केस बांधले आहेत का, चष्मा घातला आहे का, मूल रात्रभर जागून आले आहे का, हे कोणतेही कार्ड पाहू शकत नाही. लेझर कटरवर ठेवलेला तुकडा ॲक्रिलिकचा आहे की पीव्हीसीचा, हेही नाही. पीव्हीसी लेझरने कापला तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो, जो फुप्फुसांना आणि यंत्राला दोघांनाही खातो. त्यासाठी शिकलेला माणूसच लागतो.

कार्डाची नोंद कशासाठी वापरायची हेही आधी ठरवावे. ‘अमुक वाजता यंत्रावर कोण होते’ ही नोंद दंड वसूल करण्यासाठी वापरली, तर मुले मोडलेले टूल लपवू लागतात, आणि थोडक्यात चुकलेले अपघात कोणी सांगत नाही. ज्या कार्यशाळेच्या वहीत ‘थोडक्यात वाचलो’ अशा नोंदी आहेत, ती कार्यशाळा मला जास्त भरवशाची वाटते.

बंदीची किंमत

एवढी सगळी यातायात करण्यापेक्षा हात लावू न देणेच बरे नाही का? हा प्रश्न मला अनेक प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे विचारला आहे.

बंदीने काम थांबत नाही, ते जागा बदलते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला शाफ्ट लागतो, बेअरिंगची बैठक लागते. कॉलेजमध्ये यंत्र मिळत नाही, म्हणून मुले औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात जातात. जॉबवर्क करणारा कारागीर कुशल असतो, पण त्याला घाई असते, त्याच्या लेथला आडोसा नसतो, आणि चार मुले कडेला उभी राहून फोनवर चित्रण करत असतात. किंवा मुले तिथे जातच नाहीत. ड्रॉइंग पाठवतात, पैसे देतात, तयार वस्तू आणतात. परीक्षक म्हणून मी ‘या खाचेला एवढी मोकळीक का ठेवलीत?’ असे विचारले की गट एकमेकांकडे पाहतो. त्यांनी मोकळीक ठेवलेलीच नसते, कारागिराने ठेवलेली असते. चार वर्षांची फी भरून शिकायचे ते ज्ञान गाळ्यातच राहिले.

बंदीचा भार सगळ्यांवर सारखाही पडत नाही. बॅचमध्ये यंत्र दोनच जणांना मिळणार असेल, तर पुढे सरसावणारी दोन मुले ते घेतात. मुलींकडे मोजमापे लिहायचे आणि जर्नल पुरे करायचे काम येते. संध्याकाळी सहानंतर मुलींनी थांबू नये, असा नियम जिथे आहे तिथे स्पर्धेच्या गाडीचे यंत्रकाम आपोआप मुलांचे होते. तो नियम काळजीपोटी केलेला असतो हे मला कळते. पण त्याने धोका कमी होत नाही. रात्री एकट्याने यंत्र चालवणे मुलालाही तितकेच घातक आहे. नियम करायचा तर ‘देखरेख नसेल तर कोणीच नाही’ असा करावा, आणि देखरेख दिवसाच्या जास्त तासांत उपलब्ध करावी.

उलट बाजूचा दाखला आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले तिथे वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीजजोडणी असे सगळे प्रत्यक्ष काम करत शिकतात, आणि गावाला लागणाऱ्या वस्तू बनवून देतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी फॅब लॅबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या देशाबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला उभी राहिली. सगळीकडच्या फॅब लॅबमध्ये वापरणाऱ्यावर तीन जबाबदाऱ्या असतात : माणसाला आणि यंत्राला इजा होऊ द्यायची नाही, सफाई आणि देखभालीत हात लावायचा, आणि जे शिकलो ते पुढच्यासाठी लिहून ठेवायचे. म्हणजे प्रवेश आहे, पण तो जबाबदारीच्या बदल्यात आहे. बिल्ल्याच्या खिडकीचेच हे मोठे रूप नव्हे काय?

पायऱ्या

बंदी आणि मोकळीक यांच्या मधला मार्ग पायऱ्यांचा आहे. मला तो असा दिसतो.

पहिली पायरी सगळ्यांची. हातची अवजारे, मोजमाप, कपडे-केस-चष्मा यांचे नियम, आणि प्रत्येक यंत्राचा थांबा डोळे मिटून सापडला पाहिजे एवढा सराव. यंत्र चालवायच्या आधी ते थांबवायला शिकायचे.

दुसरी पायरी शेजारी माणूस असताना. इन्स्ट्रक्टर हाताच्या अंतरावर, एका वेळी एक विद्यार्थी, एक छोटा पण पूर्ण जॉब. वीस मुलांना दोन लेथवर हे एका तासिकेत जमणार नाही. म्हणून बॅचचे चार गट करून ते आळीपाळीने फिटिंग, वेल्डिंग, मोजमाप आणि लेथवर फिरवावेत. सगळ्यांनी एकाच दिवशी तेच करायचे, हा हट्ट सोडला की यंत्रे पुरतात.

तिसरी पायरी खोलीत माणूस असताना. ज्याने जॉब करून दाखवला आणि तोंडी प्रश्नांची उत्तरे दिली, त्याचे नाव त्या एका यंत्रासाठी यादीत जाते. ड्रिलची परवानगी म्हणजे मिलिंगची नव्हे. कार्डाची जागा इथे येते, कारण आता त्यात खरी माहिती आहे. ही परवानगी मुदतीची असावी. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा हात दाखवावा लागावा.

चौथी पायरी वरच्या वर्गातल्या निवडक विद्यार्थ्यांची. ते खालच्यांना शिकवतात आणि जादा वेळेत देखरेखीला मदत करतात, पण जबाबदार कर्मचाऱ्याच्या जागी नव्हे, त्याच्या जोडीला. ‘एकट्याने कोणीही नाही’ हा नियम यांनाही आणि प्राध्यापकांनाही लागू.

यासाठी लागणारे पैसे फारसे नाहीत. कॉन्टॅक्टर, आपत्कालीन बटणे, चकवरचा आडोसा, कार्डाचा वाचक, यांचा खर्च एका नव्या सीएनसी यंत्रापुढे किरकोळ आहे. महाग पडतो तो माणूस. कायम नेमणुकीचा, हाताला काम असलेला, मुलांची नावे ठाऊक असलेला इन्स्ट्रक्टर. आयटीआयमधून शिकून, कारखान्यात दहा-पंधरा वर्षे काढून शिकवायला आलेली अशी माणसे या पट्ट्यात आजही आहेत. कॉलेजच्या माहितीपुस्तकात त्यांचा फोटो नसतो, आणि वेतनश्रेणीतही त्यांची जागा शेवटी असते. कार्यशाळेतली परवानगीची कोणतीही पद्धत शेवटी त्यांच्या सहीवर उभी राहते.

दिवाळीनंतर काही महिन्यांत बारावीच्या परीक्षा होतील आणि पुन्हा प्रवेशाची धावपळ सुरू होईल. पालक कॉलेज पाहायला जातात तेव्हा वातानुकूलित संगणककक्ष दाखवला जातो. त्यांनी कार्यशाळा दाखवायला सांगावी आणि तीन प्रश्न विचारावेत. माझी मुलगी पहिल्या वर्षात स्वतःच्या हाताने कोणते यंत्र चालवेल? ते चालवण्याची परवानगी तिला कोण, काय पाहून देईल? आणि त्या वेळी तिच्याजवळ कोण उभे असेल? उत्तर देणाऱ्याने मागे वळून एखाद्या माणसाला नावाने हाक मारली, तर ते कॉलेज या बाबतीत बरे आहे असे समजायला हरकत नाही.